हात न लावता

दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत माणूस तोंड उघडून पडलेला असतो, अशी माझी समजूत होती. धुळ्याच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा बॅग घेऊन शिरलो, तेव्हा खुर्चीत एक गाडी पडली होती. दीड-दोन वीत लांब, जाड खाचांची चाकं वर केलेली, पोट उघडं. वरून तो मोठा दिवा खाली ओढलेला, आणि भिंगाचा चष्मा लावलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ दात कोरायच्या आकडीनं तिच्या गिअरमधली काळी माती उकरत होते. ट्रेमध्ये छोटा आरसा, चिमटा, कापसाचे बोळे. पेशंटच्या गळ्यात अडकवतात तो निळा कागदी रुमालसुद्धा तिच्या पुढच्या चाकांखाली नीट पसरलेला.

बाहेर बाकावर एक बाई गाल धरून बसल्या होत्या.

"आबा काममा शेत. बसा तठे," दाराशी स्टुलावर बसलेल्या अक्कानं मला अहिराणीत सांगितलं. आबा म्हणजे डॉक्टर. नंबर लावणं, अवजारं उकळणं, पेशंटला धीर देणं आणि डॉक्टरांना टोमणे मारणं, हे सगळं खातं अक्काकडे होतं. बाईंच्या गालाकडे बघत ती म्हणाली, "माणूसना दातस्ले टाइम नही, खेळनाना दातस्ले बठ्ठा दिवस शे."

"ऐकू येतं मला," आतून आवाज आला. "गाडीला सांगता येत नाही कुठं दुखतंय ते. बाईंना येतं. विचार त्यांना, फार आहे का."

बाईंनी 'फार नाही' अशी मान हलवली. मला वाटतं, घाबरूनच हलवली.

मी औषध कंपनीचा एमआर. डॉक्टरांच्या दारात ताटकळणं हाच माझा व्यवसाय. मुक्काम जळगावला, आणि एसटीनं धुळे, अमळनेर, चाळीसगाव, रावेर अशी फिरती. बॅगेत गुळण्यांचं औषध आणि दुखण्यावरच्या गोळ्या. माझा नंबर आला तेव्हा मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "कंपनी, या औषधात स्पिरिट किती?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याच डॉक्टरनं विचारला नव्हता. मी फुलून सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि परत दिली.

"नाही जमायचं. बेअरिंग धुवायला हवं होतं."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे 'कंपनी' झालो. सगळ्याच एमआरना ते कंपनी म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याबद्दल मला आजही खात्री नाही.

रिमोटवर चालणारी गाडी म्हटलं की लोकांना जत्रेतलं खेळणं आठवतं. ती तशी नव्हती. तिला चारही चाकांना जोर होता, तेल भरलेले शॉकअब्सॉर्बर होते, पुढे आणि मागे, वळताना चाकांना कमी-जास्त फिरू देणारे डिफरन्शियल होते. म्हणजे खऱ्या जीपमध्ये जे असतं ते सगळं, फक्त डॉक्टरांच्या मुठीत मावेल अशा मापात. पेट्रोलऐवजी चपटी बॅटरी. दर रविवारी सकाळी पांझरेच्या कोरड्या पात्रात ते ती दगडांवरून चढवत, उतरवत. आणि नंतरचा अख्खा रविवार ती धुण्यात जाई. चाकं काढायची, बेअरिंग काढायची, पेशंटच्या दातांवर हवा मारायच्या नळीनं फटीफटीतली धूळ उडवायची. उन्हाळा लागला की शॉकअब्सॉर्बरमधलं पातळ तेल काढून दाट तेल भरायचं, कारण धुळ्याच्या उन्हात तेलसुद्धा वितळून कामचुकार होतं, असं त्यांचं निदान होतं. गाडी स्वच्छ होऊन फडक्यावर उभी राहीपर्यंत त्या घरात कुणालाही चहा मिळत नसे. पाहुणा असला तरी नाही. "आधी धुवा, मग बोला," असं ते म्हणत, आणि अर्धवट धुतलेल्या गाडीबद्दल कुणाचंही मत ऐकून घेत नसत.

गाडीची वरची प्लॅस्टिकची टोपी आपटून आपटून फुटे. ती ते कवळीच्या मसाल्यानं सांधत. तो मसाला हिरडीच्या रंगाचा, गुलाबी. त्यामुळे समोरून बघितलं तर ती गाडी हिरड्या दाखवून हसतेय असं वाटे. मी एकदा तसं म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "हसू दे. माझ्याकडे येणारं दुसरं कोण हसतं?"

त्यांचा धंदा बेताचा होता आणि त्याला कारण ते स्वतः होते. दात काढायचा म्हणून माणूस यायचा आणि दात घेऊनच परत जायचा. "हलतोय ना? हलू द्या. पडेपर्यंत तो तुमचाच आहे." गाडीलाही हाच न्याय. एखादा पार्ट स्वतःहून जाईपर्यंत बदलायचा नाही. बाजारात त्याहून भारी आलाय, चकचकीत आलाय, निळ्या रंगाचा आलाय, ही कारणं त्यांच्या लेखी कारणंच नव्हती.

आता मी. त्यांच्या नादानं मीही ऑनलाइन गाडी मागवली, आणि स्वभावानुसार खोकं उघडायच्या आधीच तिच्यासाठी भारी पार्ट मागवले. ताकदवान मोटर घातली. पहिल्याच दाबाला प्लॅस्टिकचा मोठा गिअर पार टकला झाला. मग लोखंडी गिअर घातला. गिअर वाचला, पण त्याच्या पुढचा दांडा ओला पंचा पिळावा तसा पिळला गेला. दांडा पोलादी आणला, तर मागच्या डिफरन्शियलनं मान टाकली. तोही बदलला, आणि त्या रविवारी माझं मागचं डावं चाक गाडीचा निरोप घेऊन एकटंच पांझरेतून पुढे निघून गेलं. ते शोधायला मी बाभळीच्या काट्यांत शिरलो आणि पँटही गमावली.

डॉक्टर दगडावर बसून सगळं बघत होते. "कंपनी," ते म्हणाले, "तुम्ही गाडी मजबूत करत नाही आहात. मोडायची जागा पुढे ढकलताय."

"मग करायचं काय?"

"एक पार्ट कच्चा ठेवायचा. स्वस्तातला, चटकन बदलता येईल असा. मार बसला की तो मोडतो आणि बाकीची गाडी घरी येते." त्यांच्या गाडीत तो मान होता पुढच्या चाकाजवळच्या एका प्लॅस्टिकच्या दांडीला. मोडलेल्या दांड्या ते फेकत नसत. उपटलेले दात ठेवायच्या बरणीत ठेवत. पेशंटना वाटे, कुणाच्या तरी तोंडातून निघालेत.

माझ्या हुशारीचे आणखीही बळी आहेत. एकदा डॉक्टर जेवायला वर गेले होते आणि त्यांच्या गाडीची चिखलानं माखलेली चाकं टेबलावर होती. मी विचार केला, म्हाताऱ्याला जरा मदत करू. अवजारं निर्जंतुक करायचं ते वाफेचं यंत्र समोरच होतं. लोखंडावरचे जंतू मरतात, तर रबरावरचा चिखल निघणार नाही? मी चारही चाकं आत टाकली, झाकण फिरवलं, बटण दाबलं. झाकण उघडलं तेव्हा आत चुलीतून काढलेली चार वांगी होती. रबर सुरकुतलेलं, आतला स्पंज बाहेर, रिम वाकडी, वर वाफ. अक्का धावत आली, आत डोकावली आणि जिन्याकडे तोंड करून ओरडली, "आबा! भाऊनी टायरनं भरीत करी टाकं!"

डॉक्टर खाली आले. चिमट्यानं एक चाक उचलून त्यांनी दिव्याखाली धरलं. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो.

"देठ राहिले," एवढंच ते म्हणाले.

जळगावकर माणसाला यापेक्षा मोठा अपमान नाही.

आणि रावेरची केळीची बाग. तिथल्या एका शेतकऱ्याची कवळी डॉक्टरांनी केली होती. त्या शेतकऱ्यांनी आम्हाला दोघांना गाड्या घेऊन बोलावलं. सिग्नल तुटला तर गाडीनं आपोआप थांबावं, अशी सोय रिमोटमध्ये असते. ती आधी लावून ठेवावी लागते. मी लावली नव्हती, कारण माहितीपत्रकात ते पान शेवटी होतं. माझी भारी मोटरवाली गाडी केळीच्या दाटीत शिरली आणि पाण्यानं भरलेल्या त्या खोडांनी सिग्नल पार गिळला. मग फक्त आवाज. सूं करत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग शांतता. शेतकरी आत जाऊन आले. कवळी काढून खिशात ठेवली होती, त्यामुळे शब्द जरा पसरट आले, पण कळले. "भाऊ, तुमच्या गाडीनं ठिबकची नळी तोडली. आणि आता बसून पाणी पितेय."

मी तोंड पाडून उभा राहिलो. डॉक्टरांनी त्या तुटलेल्या नळीच्या धारेखालीच माझी गाडी धुवायला घेतली. "आधी धुवा," ते म्हणाले, "मग रडा." नळी त्यांनीच जोडून दिली. निघताना शेतकऱ्यांनी आम्हाला केळीचा घड दिला. तो एसटीत माझ्या मांडीवर होता आणि धुळ्यापर्यंत शेजारचे लोक त्यातून तोडून खात होते.

हे सगळं मी रंगवून सांगतो, लोक हसतात. पुढचं सांगायला बसलो की रंग लागत नाही.

दवाखान्याच्या गच्चीवरून, हवा स्वच्छ असली की, लळिंग किल्ल्याचा डोंगर दिसायचा. डॉक्टरांच्या डोक्यात एकच होतं. पायथ्यापासून वरच्या पडक्या दरवाज्याच्या उंबऱ्यापलीकडे गाडी न्यायची, हात न लावता. आपण मागून चालत जायचं, गाडीनं स्वतःच्या चाकांवर चढायचं. उलटली आणि आपली आपण सरळ झाली नाही, तर उचलायची आणि पुन्हा पायथा. वाटेतला दगडसुद्धा हलवायचा नाही. "दगड आधी आलाय. आपण नंतर." या नियमांमुळे ते बरीच वर्षं निम्म्यातून परत येत होते. मी विचारायचो, कशासाठी? कोण बघतंय? त्यावर ते म्हणायचे, "कुणी बघत नाही, म्हणूनच तर." हे तत्त्वज्ञान मला कळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

एका दुपारी मी गेलो तर गाडी फरशीवर उभी होती, रिमोट त्यांच्या हातात, आणि गाडीची पुढची दोन्ही चाकं बारीक थरथरत होती. डावीकडे, उजवीकडे. थंडीत माणसाची हनुवटी हलते तशी.

मी ताबडतोब निदान केलं. "डॉक्टर, स्टिअरिंगची मोटर गेली."

"मोटर ठीक आहे."

"अहो, दिसतंय ना. मी आणतो नवीन. लोखंडी गिअरची, एकदम अचूक."

"राहू द्या, कंपनी."

मी कशाला राहू देतो? भेट म्हणून मागवली, आणि पुढच्या खेपेला त्यांना न विचारता स्वतःच बसवली. डॉक्टर खुर्चीच्या हाताला टेकून नुसते बघत होते. अक्कानंही त्या दिवशी टोमणा मारला नाही, यावरून मला कळायला हवं होतं. जोडणी झाली. मी रिमोट त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आता बघा."

चाकं आधीपेक्षा जास्त थरथरत होती. जुनी मोटर जरा आळशी होती, बारीकसारीक हालचाल पोटात घालायची. माझी नवी, अचूक मोटर हातातलं कणभरही सोडत नव्हती. हात थरथरला की चाक थरथरत होतं, तंतोतंत.

मी चाकांकडे बघितलं, मग रिमोटकडे, मग त्यांच्या बोटांकडे. इतक्या वेळानं.

कापसाची बरणी सारखी करत अक्का म्हणाली, "दात काढाना कवयच बंद करेल शेत आबानी." दात काढणं त्यांनी केव्हाचंच बंद केलं होतं. रूट कॅनाल त्याच्याही आधी. दवाखान्यात गर्दी का कमी झाली, हे मी, आठवड्याला तिथं जाणारा माणूस, कधी विचारलंसुद्धा नव्हतं. मला वाटत होतं, त्यांना गाडीपुढे सुचत नाही.

मी तेच बोललो जे मला येत होतं. "डॉक्टर, दुसरा एक रिमोट मिळतो. त्यात हाताची हालचाल मऊ करता येते. बारीक थरथर तो गाडीपर्यंत पोचूच देत नाही. पण तुम्ही कुठे काय बदलता..."

"मागवा," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणता, पार्ट गेल्याशिवाय..."

त्यांनी उजवा हात ट्रेवर ठेवला. ट्रेमधला आरसा किणकिणायला लागला.

"गेलाय," ते म्हणाले. "मागवा. आणि लळिंगला लवकर जाऊ. हा आहे तोवर."

थंडी संपता संपता आम्ही गेलो. नवा रिमोट चांगला निघाला. माझ्या आयुष्यातला हा एकमेव बदल, ज्यानं काही मोडलं नाही. भाड्याच्या ओम्नीतून अक्काही आली. ती पायथ्याशी लिंबाखाली डबा घेऊन बसली. "मी काय टायरना मांगे डोंगर चढाव नही," असं तिनं आधीच जाहीर केलं होतं.

माझं काम पुढे राहायचं. वळणापलीकडे गाडी डॉक्टरांना दिसत नसे, तेव्हा मी 'डावीकडे', 'थोडं मागे' असं सांगायचं. तेवढी परवानगी नियमात होती. गाडी सुरेख चढत होती. वाळलेल्या गवतातून, सुट्या खडीवरून, एखाद्या पायरीला पुढची चाकं टेकवून, क्षणभर विचार केल्यासारखी थांबून, मग अंग उचलून वर. डॉक्टर दर थोड्या वेळानं थांबत, रिमोट डाव्या हातात घेऊन उजवा हात झटकत, पुन्हा सुरू करत. बोलत नव्हते. मीही गप्प होतो, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, मी केव्हा गप्प असतो?

जिथून ते आजवर परत फिरले होते त्या सगळ्या जागा मागे पडल्या. शेवटच्या वळणाला एक तिरपा, घासून गुळगुळीत झालेला खडक होता. त्याच्या वर थोडीशी माती, आणि मग दरवाज्याचा उंबरा. मी खडकापाशी उभा, उंबरा माझ्या डोळ्यांसमोर. डॉक्टर वळणाच्या खाली. त्यांना मी दिसत नव्हतो, गाडीही नाही.

"सरळ!" मी ओरडलो. "येऊ द्या!"

गाडी निम्मा खडक चढली. मागचं चाक घसरलं. ती तिरकी झाली, जरा थांबली, आणि अगदी सावकाश, म्हातारं माणूस खाटेवर कलंडतं तशी, पाठीवर पडली. चारही चाकं आभाळाकडे, मोकळी फिरत. मोकळ्या चाकांचा आवाज वेगळा असतो, वर चढलेला. तो त्या शांत डोंगरात चांगला लांबवर ऐकू गेला असणार. मग तो थांबला. डॉक्टरांनी बोट सोडलं होतं.

मी वाट बघत होतो, ते विचारतील काय झालं. ते म्हणाले, "कंपनी, माझ्या बुटाची नाडी सुटलीय. बांधतो. वेळ लागेल मला. तुम्ही बघा गाडीकडे."

मी बघितलं. ती माझ्या बुटापासून हातभरावर होती. पायाच्या टोकानं जरा ढकललं असतं तर चाकांवर आली असती. आजूबाजूला एक बकरी होती, आणि ती दुसरीकडे बघत होती.

आता माझं चारित्र्य सांगतो. न भेटलेल्या डॉक्टरांच्या भेटी मी कंपनीच्या रिपोर्टात बिनदिक्कत लिहितो. घरी बसून चाळीसगावचा दौरा करतो. लग्नाच्या बैठकीत मी स्वतःची उंचीसुद्धा वाढवून सांगितली होती. असा माणूस मी. आणि नेमका त्या खडकापाशी मला प्रामाणिकपणाचा झटका आला. हा त्यांचा नियम, ही त्यांची इतक्या वर्षांची तपश्चर्या, ती मी माझ्या बुटानं बाटवू? छाती भरून आली माझी. खाली डॉक्टर अजून नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत होते. खोकलेही एकदा.

"डॉक्टर!" मी ओरडलो. "उलटली!"

खालून आवाज आला, "हात लावलात?"

"नाही!"

"पाय?"

"पायसुद्धा नाही!" काय अभिमान होता माझ्या आवाजात.

मग ते म्हणाले, "बरं."

ते वर आले. गाडीकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं. गाडी उचलली, तिच्या पोटाला लागलेली माती फुंकरीनं उडवली, काखेत घेतली आणि उतरायला लागले. मी मागून सांगत होतो, अजून बॅटरी आहे, जरा बसू, परत पायथ्यापासून सुरू करू. ते म्हणाले, "बॅटरी आहे हो. हातात नाही. पुढच्या रविवारी."

खाली आल्यावर ते ओम्नीत पुढच्या सीटवर बसले आणि डोळे मिटून घेतले. अक्कानं मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दिली आणि विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं, माझ्या निष्ठेवर जरा जास्तच जोर देऊन. डॉक्टर नाडी बांधत होते तेव्हा मला मोह झाला होता, पण मी कसा आवरला, वगैरे.

अक्काचा घास हातातच राहिला. "नाडी? कोनती नाडी?"

"बुटाची."

"त्यास्ना बूटले नाडी नही भाऊ. पट्टा शे. नाडी बांधता येत नही म्हनीसन मीच लई दिधात ते बूट." ती माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमले समजनं नही का?"

मी ओम्नीच्या उघड्या दारातून बघितलं. दोन बूट, धुळीनं पांढरे, वर चिकटणारा पट्टा. डॉक्टर झोपलेले नव्हते. पण डोळे उघडले नाहीत त्यांनी.

पुढच्या रविवारी माझी पुण्याला कंपनीची मीटिंग होती. खरीखुरी होती, नेमकी तीच मला बुडवता आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना ताप होता. मग ऊन तापलं, लळिंगच्या खडकावर पाय ठेवता येईना, आणि पावसाळ्याआधी नाशिकहून त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. दवाखान्याची खुर्ची कुणीतरी नवीन डॉक्टरनं नेली. अक्का साक्रीकडे भावाच्या गावी गेली. मी त्या रस्त्यानं जातो, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. डॉक्टर-भेटीचा कॉल एक कमी झाला, एवढंच माझ्या रिपोर्टात उमटलं.

मागच्या महिन्यात नाशिकला गेलो. मुलीनं त्यांना गॅलरीत बसवलं होतं. दोन्ही हात आता मांडीवर असतात आणि मांडीही हलते. गाडी कपाटावर होती, धुतलेली. मला बघून आधी तेच बोलले. "कंपनी, बॅटरी बघा जरा. पूर्ण भरून ठेवायची नसते, पूर्ण रिकामीही नाही. मुलीला समजत नाही." मी बॅटरी बघितली. ठीक होती. मग मी बाजारात काय काय नवीन आलंय ते सांगत बसलो. बराच वेळ सांगितलं. ते ऐकत होते, अधूनमधून 'कशाला' म्हणत होते.

निघायची वेळ झाली तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "डॉक्टर, त्या दिवशी लळिंगला मी गाडी सरळ करायला हवी होती."

मला वाटलं, ते म्हणतील, छे छे, बरंच केलंत, नियम म्हणजे नियम. सगळ्या रस्ताभर मी हेच उत्तर त्यांच्या तोंडी घालत आलो होतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "करायला हवी होती."

मग त्यांनी माझ्यासाठी आलेला चहाचा कप स्वतःच्या हातानं माझ्याकडे सरकवला. त्याला वेळ लागला. निम्मा चहा बशीत गेला, थोडा त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर. मी गॅलरीबाहेर कुठेतरी बघत राहिलो, काहीच दिसलं नाही अशा चेहऱ्यानं. आता जमतं मला.